क्षितिजावरील मोठें बिंब

कोजागरीच्या सायंकाळीं पूर्वेस वर येणारें चंद्रबिंब परातीएवढें भासतें, आणि मध्यरात्रीं आटीव दुधांत डोकावतें तेव्हां तेंच वाटीएवढें झालेलें असतें. सूर्याचीहि तीच गोष्ट. क्षितिजाजवळची दाट हवा भिंगाप्रमाणें बिंब फुगविते, असें पुष्कळ सुशिक्षितहि सांगतात. मत जुनें आहे; दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या ग्रंथांतहि त्याचा मासला सांपडतो. पण तें चूक आहे, आणि कागदाच्या तुकड्यानें खोडतां येतें.

हातभर लांब कागदाची बारीक सुरळी करून तिच्या तोंडांत उगवता चंद्र नेमका बसेल अशी ती चिकटवावी. मध्यरात्रीं तीच सुरळी वर धरली, तर चंद्र तसाच बसतो. दोन्ही वेळां व्यास सुमारें अर्धा अंश! (सूर्यावर हा प्रयोग करूं नये, डोळ्यांस इजा होते.) किंबहुना मध्यरात्रीं डोक्यावर आलेला चंद्र आपणांस जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारें ६,००० किलोमीटर, निकट असतो, त्यामुळें वाटीएवढें दिसणारें बिंबच खरोखर शेंकडा दीड भाग मोठें असतें.

हवा किरण वांकविते हें खरें, पण त्यानें बिंब चेपतें. क्षितिजास टेकलेल्या सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षां अधिक उचलली जाते. रुंदी तशीच राहून उंची सुमारें षष्ठांशानें घटते. गिरगांव चौपाटीवरून मावळता सूर्य अंड्यासारखा आडवा दिसतो, तो यामुळेंच.

मग वाढ होते कोठें? पाहणाऱ्याच्या मनांत. अकराव्या शतकांतील अरबी पंडित इब्न अल्-हैथम यानें हें ओळखलें होतें. क्षितिजापर्यंत शेतें, झाडें, घरें पसरलेलीं असतात, म्हणून तेथलें आकाश दूरचें वाटतें. माथ्यावर अंतर मोजावयास कांहींच नसतें. डोळ्यांतील आकृति तेवढीच असतां वस्तु दूर मानली, कीं मन तिला मोठी ठरवितें. १९६२ सालीं अमेरिकेंत कॉफमन व रॉक यांनीं आरशाच्या साहाय्यानें आकाशांत कृत्रिम चंद्र दाखवून हें तपासलें. मधली भूमि झांकतांच भ्रम मावळला.

तरीहि एक अडचण उरते. क्षितिजावरचा चंद्र जवळ वाटतो कीं दूर, असें विचारल्यास बहुतेक लोक ‘जवळ’ म्हणतात! मन न कळत दूर धरून मोठें करतें आणि मोठें दिसलें म्हणून जवळ सांगतें, असें यावर उत्तर दिलें जातें. तें सर्व शास्त्रज्ञांस अद्याप पटलेलें नाहीं.