पाटाशेजारचा याचक

ज्या दिवशी आपल्याकडे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकून फराळाची ताटे मांडली जातात, साधारणतः त्याच दिवशी नेपाळात कुकुर तिहार साजरा होतो. गळ्यात झेंडूची माळ, कपाळी टिळा आणि पुढ्यात खाद्याचे ताट अशा थाटात तेथील कुत्रा, मग तो घरचा असो वा रस्त्यावरचा, एका दिवसापुरता मानकरी ठरतो. आपल्या परंपरेत श्वानाला असा स्वतंत्र सण नसला, तरी दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबतीला एक आहे, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची आख्यायिका ज्याच्या कानावरून गेली नाही, असे मराठी घर विरळा. त्या भूतदयेपुढे नतमस्तक होऊनही, मोत्या नावाच्या दहा किलो वजनाच्या एका कुत्र्याचा प्रतिपालक या नात्याने, माझी दृष्टी हल्ली त्या वाटीतील तुपाच्या मापाकडे जाते.

कारण असे, की अतिस्निग्ध पदार्थ एकाएकी पोटात गेल्यास कित्येक कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला दाह होतो, वांत्या सुरू होतात, आणि सणाच्या ऐन धामधुमीत दवाखान्याची पायरी चढावी लागते. पशुवैद्यकांचा शिरस्ता असा, की खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. १० किलो वजनाच्या, बेताची हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ६०० उष्मांक पुरतात. म्हणजे खाऊच्या खात्यावर ६० जमा झाले, आणि आमच्या घरचा बेसनाचा एक लाडू त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम एका घासात खर्ची टाकतो.

परंतु लाडवातील तूप हा लहान अपराधी; मोठा त्याच्या माथ्यावर बसलेला असतो. गेल्या दिवाळीत रव्याच्या लाडवांवर लावावयास निवडून ठेवलेले बेदाणे आमच्या नातवाने मूठभर उचलले आणि, ‘मोत्याला पण’ या न्यायबुद्धीने, त्यातील निम्मे मोत्यापुढे ठेवले. वैद्यांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘किती वेळ झाला?’, आणि अर्ध्या तासाच्या आत मोत्याला ओकारीचे इंजेक्शन मिळाले. तासगावचा जो बेदाणा आपण पाहुण्यापुढे अभिमानाने ठेवतो, तो, आणि नाशिकचे ताजे द्राक्षही, कुत्र्याच्या मूत्रपिंडाचे कार्य बंद पाडू शकते; शिवाय एखादे कुत्रे बरेच खाऊन बचावते, तर दुसऱ्यास थोडेही भोवते, त्यामुळे ‘एवढ्याने काय होते’ या म्हणण्याला येथे जामीन मिळत नाही. यामागचे कारण वर्षानुवर्षे गूढ राहिले होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील काही पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले, आणि तेही द्राक्षांवरून नव्हे, तर पाककृतीत वापरले जाणारे ‘क्रीम ऑफ टार्टर’ खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणे हुबेहूब तशीच दिसली म्हणून. तेच आम्ल चिंचेत विपुल असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडालाही इजा झाल्याचे नमूद आहे. ज्या घरात आमटीभाताचा उरलेला घास कुत्र्यास घालण्याची वहिवाट आहे, तेथे हे वाचून थोडे थबकावे.

चिवड्यातील तळलेला कांदा व लसूण यांनाही मज्जावच हवा, कारण त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि शिजविल्याने वा तळल्याने त्यांचा प्रभाव जात नाही. चॉकलेटातील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार संथपणे बाहेर पडते, निम्मे ओसरावयासच १७-१८ तास लागतात. आमच्या मोत्याच्या वजनाच्या कुत्र्याला काळ्या चॉकलेटच्या ४० ग्रॅमांतही वांती व अस्वस्थता जाणवू लागेल, आणि अलीकडे मिठाईऐवजी चॉकलेटांचे पुडेच भेट येऊ लागले असल्याने ते टेबलाच्या कडेला ठेवणे म्हणजे मुद्देमाल उघड्यावर टाकणे होय. ‘शुगर-फ्री’ च्युइंगमात आढळणारे झायलिटॉल तर त्याहून त्वरेने काम करते: कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन उसळते, रक्तातील साखर तासाभरात कोसळते, आणि पुढे यकृतावरही बेतू शकते.

मग द्यावे काय? कुत्रा हा केवळ मांसाहारी प्राणी, असा जो समज श्वानप्रेमींच्या एका पंथात दृढ आहे, त्याला २०१३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी छेद दिला: पिष्ट पचविण्यास साहाय्य करणारे जे जनुक लांडग्यात दोनच प्रती राखून असते, ते कुत्र्यात ४ ते ३० प्रतींपर्यंत वाढलेले आढळते, म्हणजे माणसाच्या उकिरड्याशेजारी घालविलेल्या सहस्रावधी वर्षांनी त्याला भाकरी पचविण्याची सनदच दिली आहे. तेव्हा मिठाविना उकडलेले रताळे वा लाल भोपळा, गाजराच्या चकत्या, काकडी, बिया काढलेले सफरचंद, उकडलेले अंडे, हाडे काढलेल्या कोंबडीचा तुकडा, यांवर भिस्त ठेवावी. चहाच्या टपरीवर मिळणारे ग्लुकोजचे बिस्किट विष नव्हे, पण ते साखर आणि मैदा यांपलीकडे फारसे काही देत नाही. विकतचा खाऊ १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या विजेच्या सळया विकणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने बाजारात आणला, आणि आज त्याचा पसारा अफाट आहे. त्यातून निवड करताना घटकांची यादी वाचावी, आणि चघळण्याची वस्तू असेल तर तिच्यावर नखाचा दाब देऊन पाहावा, नख उमटले नाही तर ती दाढ फोडण्याइतकी कठीण समजावी. शिजविलेले हाड मात्र कधीच नको; त्याच्या टोकदार चिरफळ्या आतड्यात शिरतात.

तुकडा नखाएवढाच पुरतो, कारण आमच्या निरीक्षणानुसार कुत्र्याला खाऊच्या आकारापेक्षा त्याच्या पाळ्या मोजण्यात अधिक रस असतो. यंदा पाडव्याला भोपळ्याच्या वीस फोडी करून ठेवल्या होत्या. नातू त्या एकेक मोजून देत असे, आणि दर पाचव्या फोडीनंतर हिशेब चुकला असे जाहीर करून पुन्हा एकपासून आरंभ करीत असे.