नस गेली म्हणून दात जात नाही

रूट कॅनाल म्हणजे 'नस मारणे', असे आपण सर्रास म्हणतो आणि मग मेलेला दात तोंडात ठेवायचा कशाला, असे विचारतो. खरे तर रूट कॅनालची वेळ येते तोवर जंतूंनी ती नस बहुधा मारलेली असते, नाहीतर ती बरी होण्यापलीकडे सुजलेली असते. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी 1965 मध्ये उंदरांच्या दाढांना भोके पाडून आतला गर उघडा ठेवला. साध्या उंदरांत गर कुजला, पू झाला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र अन्नाचे कण आत शिरूनही जखमेवर नवा कठीण थर धरला. शत्रू जंतू आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून उपचारात मुळांतल्या नळ्या घासून, सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन गटापर्चाने बंद करतात. दात मात्र हाडाशी जोडलेला राहतो तो मुळाभोवतीच्या जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंमुळे, आणि त्यांना रक्त बाहेरून मिळते. भातातला खडा दाताखाली आला की लगेच कळतो, तो मुख्यतः या तंतूंमुळेच. काढलेल्या दाताच्या जागी बसवलेले इम्प्लांट थेट हाडात रुजते, त्याला हे तंतू नसतात.

रूट कॅनाल केलेल्या दातांतून शरीरभर रोग पसरतात, ही भीती जुनी आहे. ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांच्या 1910 च्या भाषणानंतर ती फोफावली आणि असंख्य दात उपटले गेले, पण ज्या आजारांसाठी ते काढले ते सहसा हटले नाहीत. पुढच्या काटेकोर अभ्यासांत तो सिद्धान्त टिकला नाही. उलट 2004 मध्ये अमेरिकेतल्या चौदा लाखांहून अधिक दातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठ वर्षांनंतरही 97 टक्के दात तोंडात होते. 'असा दात पुढे तुटतो' या आक्षेपात मात्र तथ्य आहे. किडीने आणि कोरण्याने तो पोकळ झालेला असतो, आणि कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण 2002 च्या एका अभ्यासात सहापट आढळले. म्हणून ठणका थांबला की काम संपले, असे समजून दाढेवर कॅप बसवणे टाळणे घातक आहे. खर्च जड जातो, हे मान्य. काढून टाकणे स्वस्त पडते. पण मोकळ्या जागेत शेजारची दाढ कलते, समोरची खाली उतरते आणि तो खर्च नंतर मागच्या दाराने येतो. मूळच उभे चिरले असेल, तर दात काढणेच योग्य. तो निर्णय एक्स-रे आणि तपासणीवरून व्हावा, भीतीपोटी नव्हे.