नागलीची भाकरी व घरची पंगत

हिवाळा लागला की नाशिकच्या बाजारांत मेथी, कांद्याची पात व हरभऱ्याची कोवळी भाजी यांची रेलचेल होते. त्याच सुमारास पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत नागली खळ्यावरून घरांत येते. परंतु आम्हां शहरी गृहस्थांस नागलीची भाकरी म्हणजे गरिबाचे अन्न वाटते. पाहुण्यापुढे ती वाढावयास संकोच होतो. वस्तुस्थिति निराळी आहे. १०० ग्रॅम नागलींत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच सडीक तांदळांत ते १० मिलिग्रॅमही नसते.

तथापि नुसते धान्य बदलून भागणार नाही. पंगतीची रीतही बदलली पाहिजे. जी भाकऱ्या थापते, तिच्या वाट्यास पुष्कळ घरांत शेवटी कढईचा तळ तेवढा उरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असतील. पण हे एक निवारणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. व्यापारी बंधूंनी नागलीचे पोते दुकानाच्या दर्शनी भागी मांडावे, आणि गृहस्थांनी गृहिणीचे पान आपल्या पानाशेजारी मांडावे. दोहोंसही खर्च काहीच नाही!