घरीच शाळा की चर्चची शाळा? कॅथलिक पालकांपुढील निवड

गोव्यातील अनेक कॅथलिक कुटुंबांत मुलांची शाळा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असे: चर्चच्या आवारालगतची. त्यामुळे मुलांना घरीच शिकवण्याचा, म्हणजे होमस्कूलिंगचा, विचार पुढे आला की पालकांसमोर तीन प्रश्न उभे राहतात. धर्म काय सांगतो, कायदा काय म्हणतो आणि मुलाच्या हाती अखेर कोणते प्रमाणपत्र राहते?

चर्चची भूमिका

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965मध्ये शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडीलच, हे त्याचे सूत्र. 1983च्या धर्मसंहितेने तेच कायम ठेवले. त्याचबरोबर, कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत मुलांना पाठवावे आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची तजवीज करावी, असे पालकांचे कर्तव्यही सांगितले. म्हणजे चर्चचा कल शाळेकडे आहे. पण पालकांचा अधिकार शाळेच्या आधीचा आहे.

अमेरिकेत या अधिकाराची कसोटी न्यायालयात लागली. सर्व मुलांना सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती करणारा ओरेगॉन राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1925मध्ये रद्द ठरवला. खटला लढवणाऱ्यांत शाळा चालवणारा कॅथलिक भगिनींचा एक संघ होता. तो लढा शाळा वाचवण्यासाठी होता. पुढे होमस्कूलिंगच्या पुरस्कर्त्यांनी त्याच निकालाचा आधार घेतला. आज तेथील सर्व 50 राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे.

भारतातील कायदा

आपल्याकडे चित्र इतके स्पष्ट नाही. 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे आणि शाळेच्या व्याख्येत घर बसत नाही. मात्र कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी या कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. होमस्कूलिंग उभे आहे ते याच मोकळ्या जागेत. त्याला स्पष्ट मान्यता नाही आणि दंडही नाही.

प्रमाणपत्राचा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून जातो. वयाची 14 वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी तेथे दहावीच्या समकक्ष परीक्षेसाठी नोंदणी करू शकतो आणि पाच वर्षांच्या मुदतीत विषय टप्प्याटप्प्याने पूर्ण करू शकतो. तोपर्यंतच्या अभ्यासाची नोंद ठेवण्याची जबाबदारी प्रत्यक्षात पालकांवरच येते.

गोव्यातील खरा प्रश्न

गोव्यातील कॅथलिक पालकांनी शिक्षणातील निवडीचा हक्क यापूर्वी मागितला, तो माध्यमाबाबत. 1990मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान भारतीय भाषांच्या माध्यमापुरते मर्यादित झाल्यावर आर्चडायोसीसच्या शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. 2011मध्ये अनुदान इंग्रजीलाही खुले झाले, तेव्हा त्यांतील अनेक शाळा इंग्रजीकडे वळल्या.

त्या वादात एक गोष्ट झाकली गेली. शाळेतील कोकणी देवनागरीत, तर चर्चमधील प्रार्थनापुस्तके प्रामुख्याने रोमी लिपीत. कोकणी प्रार्थना वाचायला मूल शिकते ते घरी किंवा पॅरिशच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात, म्हणजे दोतोर्नला. शिवाय राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार अनुदानित शाळेतही संमतीविना कोणाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. श्रद्धेचा मोठा भाग असा आजही शाळेबाहेरच शिकवला जातो. तेव्हा मुलाने शाळेत जाऊनही घर हेच श्रद्धेचे पहिले विद्यालय राहते. केवळ धर्मासाठी शाळा सोडण्याचे कारण येथे त्यामुळे दुबळे ठरते.

उरतात ते रोजचे प्रश्न. आईवडिलांपैकी एकाला पूर्ण वेळ देणे परवडेल का? शास्त्र आणि गणित आठवीनंतर कोण शिकवणार? वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या परिस्थितीतील सवंगड्यांत वाढण्याची संधी घरी कशी मिळणार? उलट, आजारपण, शिकण्यातील अडचण किंवा वर्गातील छळ यांमुळे मूल शाळेत कोमेजत असेल, तर घरचा पर्याय गांभीर्याने तपासायलाच हवा. चर्चने पालकांना दिलेला अधिकार ही मुलाप्रती असलेली जबाबदारी आहे. निवड करताना आईवडिलांच्या हौसेपेक्षा त्या मुलाची गरज मोजली गेली, तर दोन्हींपैकी कोणतीही वाट चुकीची ठरत नाही.