यंत्रांची नांवनिशी

हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा येथें एखाद्या शाळेंत दहा-पंधरा संगणक आहेत व पाठांचा संग्रह त्यांपैकीं एकावर ठेविला आहे, अशी कल्पना करावी. बाहेरची तार तुटली म्हणून आंतला पाठही मिळूं नये काय?

संगणकास दोन गोष्टी लागतात : स्वतःचा अंकी पत्ता, आणि नांवावरून दुसऱ्याचा पत्ता सांगणारा जाणकार. पहिल्या व्यवस्थेस डीएचसीपी, दुसरीस डीएनएस म्हणतात. सायमन केली यांची ‘डीएनएसमास्क’ ही लिनक्सवरील लहानशी आज्ञावली दोन्ही कामें करते.

संग्रहाच्या संगणकावर ती बसवावी व त्यास १९२.१६८.१.२ असा कायमचा पत्ता द्यावा. इतरांना ५० ते १५० हे शेवटचे अंक बारा तासांच्या मुदतीनें वांटावे. ‘ग्रंथालय’ हें नांव कायमच्या पत्त्याशीं जोडावें. राउटरचा पत्ताही स्पष्ट लिहावा. न लिहिल्यास ती बाहेरची वाट म्हणून स्वतःकडेच बोट दाखविते.

राउटरमधील पत्तेवांटप मात्र आधीं बंद करावें. एका पंक्तींत दोन वाढपी निरनिराळ्या हिशेबानें वाढूं लागले, तर गोंधळ ठरलेलाच! एवढें पथ्य पाळलें, म्हणजे बाहेरची वाट अडली तरी ग्रंथालयाचें दार उघडें राहतें.