नळींतला पीळ

बंदूक म्हटली म्हणजे दारू, शिसें आणि नेमबाजाचा डोळा या तीनच गोष्टी सामान्यतः आपल्या मनांत येतात. नेम चुकला तर हात हलला असें आपण म्हणतों. गोळी दूर गेली तर दारूच्या जोराची वाखाणणी करतों. परंतु नळीच्या आंत, जेथें सहसा कोणी डोकावून पाहत नाहीं तेथें, एक चौथी गोष्ट दडलेली असते, आणि गोळी सरळ जाणार कीं कोलांट्या खाणार याचा निकाल पुष्कळ अंशीं तीच देते. ती गोष्ट म्हणजे नळीचा पीळ.

रायफलची नळी उभी चिरून पाहिली तर तिच्या आंतल्या अंगास मळसूत्राच्या आट्यांसारख्या, पण फारच लांबट वळणाच्या खांचा कोरलेल्या दिसतात. गोळी त्या खांचांत घट्ट बसून पुढें सरकते व सरकतां सरकतां स्वतःभोवतीं फिरूं लागते. किती लांबींत तिचा एक फेरा पुरा होतो त्यावरून पीळ मोजतात. दहा इंचांत एक फेरा हा जलद पीळ, अठ्ठ्याहत्तर इंचांत एक हा मंद. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकें जी ‘थ्री नॉट थ्री’ दिसे आणि जी बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत तयार होई, तिच्या नळींत दहा इंचांस एक फेरा, तोही डावीकडे, असे. तिची गोळी सेकंदास सुमारें २,४४० फूट वेगानें बाहेर पडे. वाचकांनीं त्रैराशिक मांडून पाहावें: ती गोळी एका सेकंदास २,९०० हून अधिक फेरे या वेगानें गरगरत असे!

हें गरगरणें कशासाठीं? तें घरांतल्या मुलांना विचारावें. विटी कोलली म्हणजे ती हवेंत उलटीसुलटी होत जाते. भोवरा मात्र फिरत आहे तोंवर एका आरेवर ताठ उभा राहतो, आणि त्याचा वेग मंदावला कीं डोलूं लागून शेवटीं आडवा होतो. पीळ नसलेल्या नळींतून सुटलेली लांबट गोळी ही विटी होय, आणि पीळ असलेल्या नळींतून सुटलेली गोळी हा भोवरा होय.

आमच्या अमरकोशांत बाणाच्या नांवांमध्यें ‘अजिह्मग’ आणि ‘पत्री’ अशीं दोन नांवें आहेत. अजिह्मग म्हणजे वांकडा न जाणारा आणि पत्री म्हणजे पिसें असलेला. कोशकाराच्या मनांत तसें नसेलही, पण शास्त्रदृष्ट्या यांतील दुसरें पहिल्याचें कारण आहे. बाणाचें वजन पुढें, टोकांत असतें आणि पिसें मागें असतात. बाण किंचित् कलला तर वारा पिसांना ढकलतो व बाण पुन्हा वाटेवर येतो. बंदुकीच्या लांबट गोळीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिचें नाक निमुळतें, बूड जड. त्यामुळें वाऱ्याचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढें पडतो, आणि ती अंमळ कलली कीं दाब तिला आणखीच कलवतो. पिसें लावण्याची सोय नाहीं. मग उपाय एकच, तिला भोवरा करणें. फिरणारा पदार्थ ज्या दिशेस ढकलावा त्या दिशेस न पडतां तिच्याशीं काटकोनांत वळतो. म्हणून गोळीचें नाक आडवें न होतां वाटेभोवतीं लहानशीं वर्तुळें काढीत काढीत स्थिर होतें. गोळी जितकी लांब तितका वाऱ्याचा हा उलथून टाकणारा जोर अधिक, आणि म्हणून तितका पीळही अधिक हवा.

हें आज सांगणें सोपें आहे. शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं तें रक्त आणि पैसा खर्चून शिकावें लागलें. जुन्या बंदुकांच्या नळ्या आंतून गुळगुळीत असत व गोळी वाटोळी असे. वाटोळ्या गोळीला नाकही नाहीं आणि बूडही नाहीं. पुढें १८५३ सालीं इंग्रजी फौजेसाठीं एन्फील्डची रायफल निघाली. तिचा पीळ अठ्ठ्याहत्तर इंचांस एक. (हीच ती रायफल, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला. खांचांच्या नळींत तोंडाकडून गोळी सरकवावयाची तर ओशटपणा लागतोच. त्यासाठीं कोणती चरबी वापरावी याचा विवेक करणें मात्र यंत्रशास्त्राचें काम नव्हे, राज्यकर्त्यांचें होतें.) एन्फील्डची गोळी आंखूड व जाड असल्यामुळें मंद पिळावर निभाव लागे, पण दूरच्या पल्ल्यावर ती भरकटे.

हिची यंत्रें सुधारण्याविषयीं सरकारनें मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांना विचारलें. व्हिटवर्थ हे इंचाच्या सूक्ष्म अंशांपर्यंत मोजमाप करणारे गृहस्थ. चांगली रायफल कशामुळें होते हेंच अगोदर ठरलेलें नाहीं, तेव्हां प्रथम प्रयोग व मग यंत्रें, असा त्यांनीं आग्रह धरला. वारा लागूं नये म्हणून आपल्या राहत्या घराशेजारीं पांचशें यार्ड लांबीची छपराची गल्ली बांधली आणि निरनिराळ्या पिळांच्या नळ्या करून पाहिल्या. अखेर त्यांनीं वीस इंचांस एक हा पीळ निवडला, आणि गोळी वजनानें एन्फील्डइतकीच पण बारीक व लांब केली. १८५७ सालीं हाइथ येथें दोहोंची परीक्षा झाली. पांचशें यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरीनें सव्वादोन फूट दूर पडल्या, व्हिटवर्थच्या अवघे साडेचार इंच. चौदाशें यार्डांवर एन्फील्डची एकही गोळी लक्ष्यास लागली नाहीं. व्हिटवर्थच्या गोळ्या लागत होत्या. तरीही महाग आणि काजळीनें लवकर भरणारी म्हणून सरकारनें ती फौजेसाठीं घेतली नाहीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनीं मात्र ती घेतली. ९ मे १८६४ रोजीं उत्तरेचे सेनापति सेजविक हे, इतक्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धां टिपतां यावयाचा नाहीं, असें आपल्या शिपायांना हंसत सांगत असतां गोळी लागून पडले. ती गोळी व्हिटवर्थचीच असावी असें पुष्कळांचें मत आहे.

व्हिटवर्थनीं जें प्रयोगानें काढलें तें १८७९ च्या सुमारास वुलिच येथील गणिताचे अध्यापक ग्रीनहिल यांनीं सूत्रांत बसविलें. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्यास दीडशेंनीं गुणावें आणि गोळीच्या लांबीनें भागावें. जे इंच येतील तितक्यांत एक फेरा हवा. या सूत्रांत दारूचा उल्लेखच नाहीं याकडे लक्ष द्यावें. आज याहून सूक्ष्म गणितें आहेत, तरी अंदाज घेण्यास हें अजून पुरतें.

पण गणितांत हवा धरावयाची राहिली तर काय होतें तें अमेरिकनांना १९६३ सालीं दिसलें. त्यांची नवी हलकी रायफल, जी पुढें एम-१६ म्हणून व्हिएतनाममध्यें गाजली, ती प्रथम चौदा इंचांस एक या पिळाची होती. उबदार हवेंत ठीक. कडाक्याच्या थंडींतील चाचण्यांत मात्र गोळ्या डगमगूं लागल्या. कारण थंड हवा दाट असते. पंधरा अंशांवरची हवा उणे चोपन्न अंशांपर्यंत थंड केली तर ती सुमारें एकतीस टक्के दाट होते, आणि त्याच मानानें गोळीचें स्थैर्य घटतें. तेव्हां पीळ बारा इंचांवर आणला. स्थैर्य फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. चौदाला बारांनीं भागून वर्ग केला तर १.३६ येतात, म्हणजे छत्तीस टक्क्यांची वाढ. थंडीनें नेलें तें दोन इंचांनीं भरून निघालें! पुढें १९८० नंतरच्या दशकांत अधिक लांब गोळ्या आल्या आणि पीळ एकदम सात इंचांवर गेला. या नव्या गोळ्या जुन्या नळींतून झाडल्या तर कागदावर वाटोळें भोंक न पडतां गोळीच्या कुशीचा लांबट ठसा उमटतो. अशा नळीच्या भरंवशावर रणांत उभ्या असलेल्या शिपायाची अवस्था काय होईल?

मग पीळ जितका जास्त तितका चांगला, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. कोणतीही गोळी अगदीं सर्वांगीं समतोल नसते. तिचा गुरुत्वमध्य केसभर तरी बाजूस असतो, आणि फेरे वाढले कीं नळींतून सुटतांना तो दोष तिला अधिक जोरानें बाजूस फेंकतो. पातळ कवचाची गोळी फार वेगानें फिरली तर हवेंतच फुटते. म्हणून अचूकतेसाठींच नेम धरणारे लोक गोळीला पुरेल इतकाच, आणि थोडासा हातचा राखून, पीळ घेतात.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. या स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे टपोऱ्या काबुली चण्याएवढें असतें. तेथें पॉइंट दोन-दोन ची शिशाची छोटी गोळी वापरतात. तिचा व्यास सुमारें ०.२२३ इंच आणि लांबी ०.४६ च्या आसपास धरून घरांतल्या मुलांकडून ग्रीनहिलचें सूत्र सोडवून घ्यावें. उत्तर सोळा इंचांच्या जवळपास येईल. या काडतुसाच्या रायफलींत जगभर रूढ असलेला पीळ तोच आहे. एवढें जुळल्यावरही मोठे नेमबाज थांबत नाहींत. एकाच पिळाच्या दोन नळ्यासुद्धां सारख्या वागत नसल्यामुळें ते आपली नळी पकडींत आवळून काडतुसांच्या निरनिराळ्या घाण्यांतील गोळ्या झाडून पाहतात, आणि ज्या घाण्याचीं भोंकें कागदावर सर्वांत जवळ जवळ पडतील तींच काडतुसें स्पर्धेसाठीं बाजूस काढून ठेवतात.