तीन पडदे, एक संगणक

निवासी शाळेच्या स्नेहसंमेलनात एके काळी रंगविलेला एकच पडदा नृत्य, नाटक, पोवाडा अशा सर्व प्रसंगांना पुरत असे. आता रंगमंचामागे एक मोठा व दोन्ही बाजूंस दोन असे तीन पडदे लावून त्यांवर हलती चित्रे दाखविण्याची प्रथा पडली आहे. या कामासाठी वर्गणी काढून संगणक देऊ इच्छिणारे माजी विद्यार्थी आम्हांला विचारतात, की कोणता घ्यावा? दुकानात बहुधा महागडा प्रोसेसर पुढे केला जातो. आमच्या मते वर्गणीचा पैसा तेथे खर्ची पडू नये.

कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळी बंदिस्त नळांतून पुण्याच्या हौदांपर्यंत नेण्यात आले. तलाव कितीही भरलेला असो, हौदात पडणारी धार वाटेतील सर्वांत अरुंद जागेवरच ठरते. संगणकात चित्राचा प्रवास तसाच होतो. डिस्कवरून फाइल वाचली जाते, ती उलगडली जाते, ग्राफिक्स कार्ड तिची चौकट सिद्ध करते आणि केबलमधून ती प्रोजेक्टरपर्यंत पोहोचते. यांपैकी अरुंद जागा कोणती, हे आधी शोधावे.

एका फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. असे तीन पडदे शेजारी मांडले, की ५७६० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे ६२ लाख बिंदू होतात. एकट्या फोर-के पडद्यावर ८३ लाख असतात. त्यामुळे बिंदूंचा भार आजच्या मध्यम ग्राफिक्स कार्डालाही जड नाही. खरी अडचण फाइलीच्या प्रकारात आहे. नेहमीच्या एच-२६४ प्रकारात बहुतेक चौकटी पूर्ण साठवीत नाहीत, शेजारच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा साठवितात. घरी चित्रपट पाहण्यास हे उत्तम. पण रंगमंचावर मुलगी संवाद विसरली आणि चित्र एकदम पुढच्या प्रसंगावर न्यावे लागले, तर संगणकाला मागची पूर्ण चौकट शोधून तेथून उलगडत यावे लागते आणि चित्र थबकते. शिवाय बहुतेक कार्डांतील उलगडणीचा भाग या प्रकारातील ४०९६ बिंदूंहून रुंद चौकट स्वीकारत नाही. तिन्ही पडद्यांची एकच रुंद फाइल केली, तर सारे ओझे प्रोसेसरवर येते.

म्हणून रंगमंचासाठी हॅप नावाचा प्रकार वापरतात. त्यात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते व ग्राफिक्स कार्ड ती जवळजवळ थेट वाचते. याची किंमत जागेत मोजावी लागते. त्याच्या साध्या रूपात बिंदूमागे फार तर अर्धा बाइट धरला, तरी सेकंदाला ३० चौकटींच्या हिशेबाने सुमारे ९३ मेगाबाइट वाचावे लागतात. एक दृश्य विरत असता दुसरे उमटवायचे, तर १८६. फिरती हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास थकते, आणि दोन फाइलींमध्ये धावताना तेवढेही देत नाही. साटा एसएसडी पाचशेच्या घरात देते, एनव्हीएमई काही हजार. दहा मिनिटांची फाइल ५६ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते. तेव्हा एक टेराबाइटची एनव्हीएमई हीच पहिली खरेदी.

दुसरी निवड ग्राफिक्स कार्डाची. तीन पडदे आणि चालविणाऱ्यासमोरचा एक, असे चार स्वतंत्र निर्गम एकाच कार्डावर असावेत. स्प्लिटर एकच चित्र सर्वांना वाटतो. त्याने काम भागत नाही. यूएसबीतून पडदा जोडणारी स्वस्त साधने चित्र दाबून पाठविण्याचे काम प्रोसेसरवर टाकतात, तीही टाळावीत. तिन्ही प्रोजेक्टर एकाच जातीचे व एकाच गतीवर लावलेले असावेत, नाहीतर पडद्यावरून पडद्यावर धावणारा घोडा सांध्यावर तुटलेला दिसतो. एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांतील मोझेक किंवा एएमडीमधील आयफिनिटी ही सोय तिन्ही पडदे संगणकाला एकच असल्याचे भासविते.

केबलकडे कोणी पाहत नाही. साधी तांब्याची एचडीएमआय केबल पंधरा मीटरपुढे बेभरवशाची होते. सभागृहाच्या मागच्या टोकापासून ऑप्टिकल केबल किंवा कॅट-६ वरील एक्स्टेंडर घ्यावा.

कात्रजजवळच आंबेगाव बुद्रुक येथे शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. तसे कायमचे प्रदर्शन आणि एका रात्रीचे संमेलन यांत फरक आहे. कायमच्या जागी यंत्र बसवून, तपासून, रोज तोच खेळ चालविता येतो. आमच्याकडे मुलांच्या चुकांमागे यंत्राला धावावे लागते. त्यामुळे बारीक लॅपटॉपपेक्षा हवा खेळती राहील असा मोठ्या पेटीचा संगणक आम्ही सुचवितो. तापलेला लॅपटॉप आपली गती आपणच कमी करतो. प्रोजेक्टर भाड्याने आणावेत, संगणक मात्र शाळेचा असावा, म्हणजे महिनाभर त्यावर तालीम करता येते.

उरलेल्या पैशांत यूपीएस घ्यावा, आणि त्याच फाइली भरलेला जुना संगणक शेजारी चालू ठेवावा. खेळाच्या आठवड्यात विंडोजचे स्वयंचलित अद्ययावतीकरण थांबवावे. रंगीत तालमीला त्याच केबली, तेच प्रोजेक्टर जोडून संपूर्ण कार्यक्रम सलग दोनदा चालवावा. दुसऱ्या वेळी यंत्र तापलेले असते, आणि चित्र अडखळायचे तर ते तेव्हाच अडखळते.